साईबाबांचं जन्मस्थान कोण ठरवतं? विकीची कुलपं आणि विकीचे रकाने

आज आपण बोलणार आहोत विकीबद्दल. विकिपीडिया ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच्या आतल्या दोन गोष्टींबद्दल. पहिली, कोणाला काय बदलता येतं आणि काय वाचता येतं. दुसरी, माहिती कुठल्या साच्यात भरली जाते. ऐकायला कोरडं वाटतंय ना? हेडफोन काढू नका. उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं आहे, परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचं.

एका शब्दासाठी बंद

जानेवारी २०२० आठवतोय का? तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली, आणि ती करताना पाथरीचा उल्लेख साईबाबांचं जन्मस्थान असा झाला. झालं! शिर्डीत नाराजी पसरली. १९ जानेवारीला, रविवारी, शिर्डी बंद पुकारला गेला. मंदिर दर्शनासाठी उघडं होतं, पण दुकानं, हॉटेलं बंद. नंतर मुंबईत बैठक झाली आणि वातावरण निवळलं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शिर्डीकर असं म्हणत नव्हते की बाबा शिर्डीत जन्मले. पाथरीचा विकास करू नका, असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांचा आक्षेप होता 'जन्मस्थान' या एका शब्दाला. त्यांचं म्हणणं, बाबांनी स्वतःचं गाव, जात, धर्म कधी सांगितलंच नाही, तर ते आपण का ठरवायचं? हेमाडपंतांनी, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी लिहिलेल्या साईसच्चरितातही बाबांचे आईवडील आणि जन्मगाव अज्ञात असल्याचंच सांगितलंय.

आता पाथरीची बाजू. तीही हवेतली नाही. बाबांचे जुने भक्त म्हाळसापती यांना बाबांनी आपण पाथरीचे असल्याचं सांगितलं होतं, अशी आठवण नरसिंहस्वामींच्या साईचरित्रात आहे. पुढे १९७० च्या दशकात वि. बा. खेर यांनी पाथरीत जाऊन शोध घेतला आणि तिथल्या भुसारी घराण्याशी बाबांचा संबंध जोडला. एम. व्ही. कामत आणि खेर यांच्या १९९१ च्या इंग्रजी चरित्रग्रंथात ते सगळं आलंय. आज पाथरीत साई जन्मस्थान मंदिर आहे आणि लोक श्रद्धेनं तिथं जातात.

म्हणजे एका बाजूला 'पाथरी', आणि दुसऱ्या बाजूला दुसरं गाव नाहीच. दुसऱ्या बाजूला आहे 'माहीत नाही'.

आता तुम्ही विकी चालवताय असं समजा. तुमच्यासमोर एक रिकामा रकाना आहे, त्यावर लिहिलंय 'जन्मस्थान'. काय भराल?

पहिला उपाय: कुलूप

सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं, पान लॉक करून टाका. विकीत तशी सोय आहे.

विकी ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांची. १९९५ मध्ये त्यांनी पहिला विकी सुरू केला. विकी म्हणजे हवाई भाषेत 'झटपट'. कोणीही यावं, बदल करावा, बटण दाबावं, संपलं. विकिपीडिया २००१ मध्ये आला, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये. लोक वाढले तशी भांडणंही वाढली. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं खोडायचं, परत पहिल्यानं लिहायचं. याला संपादन युद्ध म्हणतात. मग कुलपं आली.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचं नाव मीडियाविकी. त्यात प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या गटात असतो. खातं न काढलेला पाहुणा, नवा सदस्य, थोडा जुना सदस्य, आणि प्रचालक, म्हणजे आपल्या भाषेत ॲडमिन. प्रत्येक गटाला हक्कांची यादी जोडलेली असते: वाचणं, संपादन, नवं पान बनवणं, पान हटवणं, पान सुरक्षित करणं. इंग्रजी विकिपीडियाचं उदाहरण घ्या. अर्धसुरक्षित पान बदलायचं असेल तर खातं किमान ४ दिवस जुनं आणि १० संपादनं झालेली हवीत. त्याहून वरचं कुलूप असेल तर ३० दिवस आणि ५०० संपादनं. आणि पूर्ण कुलूप असेल तर फक्त प्रचालक.

हे कुलूप कामाचं आहे, यात वादच नाही. एखादी बातमी तापलेली असते, रात्रीतून शंभर जण येऊन शिवीगाळ लिहून जातात, तेव्हा ते हवंच. पण कुलूप काय करतं ते बघा. ते फक्त विचारतं, तू कोण आहेस. तू जे लिहितोयस ते खरं आहे का, कशावरून आहे, हे ते विचारत नाही. कुलूप लावायच्या क्षणी रकान्यात जे होतं, तेच तिथं राहतं. 'पाथरी' लिहिलेलं असताना लावलं तर पाथरीवाले खूश, 'अज्ञात' असताना लावलं तर शिर्डीवाले खूश. प्रश्न तिथल्या तिथेच.

कुलूप पुढच्या दाराला, टाकी गच्चीवर

आणि अजून एक गंमत आहे, ती फार लोकांना माहीत नसते.

लेखाच्या बाजूला चौकट असते बघा. जन्म, मृत्यू, ठिकाण, फोटो. अनेक भाषांच्या विकिपीडियांत या चौकटीतली काही माहिती लेखात लिहिलेलीच नसते. ती येते विकिडेटा नावाच्या वेगळ्या साइटवरून. विकिडेटा २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. तो एक सामाईक कोठा आहे. त्यात भरलेली गोष्ट मराठी, तेलुगू, जर्मन, कुठल्याही विकिपीडियाला ओढून घेता येते.

आता तुम्ही लेखाला कुलूप लावलं. पण चौकट ज्या कोठ्यातून भरते, तिथल्या पानाला ते कुलूप लागत नाही. ती साइट वेगळी, तिथले प्रचालक वेगळे. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडंच ठेवलं. कोणीतरी तिथं 'पाथरी' चं 'शिर्डी' केलं, तर लेखाला हात न लावता लेख बदलतो. आणि एकाच भाषेतला नाही, जिथं जिथं ती माहिती ओढलीय तिथं तिथं.

फोनमधले सहायक, सर्च इंजिनं, चॅटबॉट अशी बरीच साधनंही विकिडेटातली माहिती वापरतात. म्हणून टाकीत काय आहे आणि ते कसं लिहिलंय, याला एवढं महत्त्व.

दुसरा उपाय: नोंद नीट करा

आता येऊ दुसऱ्या गोष्टीकडे, साच्याकडे.

साधा विकी म्हणजे नुसता मजकूर. 'बाबांचा जन्म पाथरीत झाला असं काही जण मानतात' हे वाक्य तुम्हाला मला कळतं. मशीनला ती फक्त अक्षरं दिसतात. म्हणून २००५ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या काही संशोधकांनी मीडियाविकीला एक जोड दिली, सिमँटिक मीडियाविकी. त्यात दुव्यालाच नाव देता येतं. नुसतं पाथरीच्या पानाला लिंक न करता सांगायचं की ही लिंक 'जन्मस्थान' या नात्याची आहे. त्या टीममधले डेनी व्रांडेचिच पुढे विकिडेटा उभा करणाऱ्यांतले प्रमुख झाले.

विकिडेटात एक नोंद कशी असते? तिचे भाग मोजा.

पहिला भाग, कोणाबद्दल. इथं साईबाबा. दुसरा, कुठला गुणधर्म. जन्मस्थानाला तिथं क्रमांकच आहे, पी १९. तिसरा, किंमत. इथं पाथरी. पण नुसतं 'पाथरी' असा शब्द चालत नाही, कारण पाथरी नावाचं गाव फुलंब्री तालुक्यातही आहे आणि तिकडे चंद्रपूर जिल्ह्यातही आहे. म्हणून प्रत्येक गोष्टीला स्वतःचा क्रमांक. आपल्या परभणीच्या पाथरीचा वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. गोंधळ मिटला.

चौथा भाग म्हणजे पुरवणी. ही नोंद कधीपासून कधीपर्यंत खरी, कोणाला मान्य नाही, किती खात्रीची. पाचवा, संदर्भ: हे कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर. आणि सहावा भाग म्हणजे दर्जा. त्याच्याकडे थोड्या वेळानं येतो.

पुरवणीचं सोपं उदाहरण पाथरीचंच देतो. प्रश्न: पाथरी कुठल्या राज्यात? तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात, यात काय विचारायचं. बरोबर, पण १ मे १९६० पासून. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ पासून ते मुंबई राज्यात होतं. आणि त्याआधी हैदराबाद राज्यात. तिन्ही उत्तरं खरी आहेत, प्रत्येकाला तारीख जोडली की. एकच रकाना आणि एकच उत्तर असं ठेवलं असतं, तर दोन खरी उत्तरं खोडावी लागली असती. आजोबांच्या कागदावर हैदराबाद लिहिलंय आणि नातवाच्या आधारवर महाराष्ट्र, तर दोघांतलं कोणीच खोटं नाही.

आता हेच जन्मस्थानाला लावा. विकिडेटात एका रकान्यात एकापेक्षा जास्त नोंदी ठेवता येतात. पहिली नोंद: पाथरी. संदर्भ, कामत आणि खेर यांचं पुस्तक. पुरवणी, ही नोंद वादग्रस्त आहे. दुसरी नोंद: अज्ञात. संदर्भ, साईसच्चरित.

हे 'अज्ञात' फार महत्त्वाचं आहे, मंडळी. रकाना रिकामा ठेवणं आणि 'अज्ञात' लिहिणं यात फरक आहे. रिकामा म्हणजे कोणी भरायला आलंच नाही. 'अज्ञात' म्हणजे जन्म कुठेतरी झालाय, पण कुठे ते ठाऊक नाही, आणि हे कोणीतरी विचार करून लिहिलंय. विकिडेटात यासाठी खास सोय आहे. शिर्डीकरांची बाजू मांडायची तर तीच वापरावी लागेल. रिकामा रकाना त्यांची बाजू मांडत नाही.

अशा नोंदीत पाथरीचं म्हणणं पाथरीच्या नावावर राहतं, साईसच्चरिताचं साईसच्चरिताच्या नावावर. विकी स्वतः काहीच म्हणत नाही. कोण म्हणतंय, एवढंच सांगतो. मध्ययुगीन इतिहासातसुद्धा हेच करावं लागतं. अहमदनगरच्या निझामशाहीचं घराणं मुळात पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं फरिश्ता नावाचा इतिहासकार सांगतो. लिहायचं तर 'फरिश्ता सांगतो' यासकट लिहायचं.

खरा अधिकार कुठे लपलाय?

तुम्ही म्हणाल, मग सुटला की प्रश्न! दोन्ही नोंदी ठेवा, संदर्भ द्या, कुलूप काढून टाका. थांबा. आता तो सहावा भाग, दर्जा.

प्रत्येक नोंदीला तीनपैकी एक दर्जा असतो. पसंतीचा, साधा, किंवा बाद. साधारणपणे कोणी विकिडेटाला प्रश्न विचारला की सगळ्या नोंदी येत नाहीत. एखादी पसंतीची असेल तर फक्त तीच येते. पसंतीची कुठलीच नसेल तर साध्या सगळ्या येतात. बाद केलेली येतच नाही.

म्हणजे बघा. कोणी काहीही खोडलं नाही. दोन्ही नोंदी तिथंच, संदर्भही तिथंच. फक्त एकानं 'पाथरी' वर पसंतीची खूण केली. त्या क्षणापासून अशा प्रश्नाला उत्तर एकच: पाथरी. किंवा उलट, कोणी 'पाथरी' ला बाद केलं, तर पाथरीचं नाव उत्तरातून गायब. २०२० मध्ये ज्या शब्दावरून बंद झाला, तो इथं एका छोट्या बाणानं पुढेमागे होतो, आणि आवाजही होत नाही.

आणि त्या खुणेला वेगळं कुलूप नाही. विकिडेटात कुलूप लागतं ते अख्ख्या पानाला. एका नोंदीला किंवा एका खुणेला लावता येत नाही. म्हणून तिथं भिस्त ठेवायची ती इतिहासावर. कोणी, कधी, काय बदललं, याची ओळ न् ओळ राहते आणि ती कोणालाही वाचता येते. बदल उलटवता येतो. कारण विचारता येतं.

पण एक गोष्ट मात्र विकिडेटानं विचार करून बंद ठेवलीय. नवा गुणधर्म, म्हणजे नवा रकाना, कोणालाही तयार करता येत नाही. आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग ज्यांना तो हक्क दिलाय तेच सदस्य किंवा प्रचालक तो बनवतात. नोंदी भरायला जग मोकळं, रकाने बनवायला मोजके लोक. मला ही वाटणी योग्य वाटते. एक नोंद चुकली तर एक ओळ बिघडते. रकानाच चुकला, उदाहरणार्थ कोणी 'खरं जन्मस्थान' असा रकाना बनवला, तर प्रत्येक माणसाच्या पानावर भांडण लागेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुलूप हे थोड्या वेळासाठी, गर्दी आवरायला. कायमचं उत्तर नोंदीच्या रचनेत शोधायचं. आणि कुलूप लावायचंच असेल तर उत्तराला लावू नका, साच्याला लावा.

वाचायला बंदी? इथं सावध

आतापर्यंत आपण लिहिण्याच्या हक्काबद्दल बोललो. वाचण्याचं काय? तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजसाठी, संस्थेसाठी, गावासाठी स्वतःचा विकी काढायचा विचार करतील. सॉफ्टवेअर फुकट आहे, काढा जरूर. पण हे ऐकून काढा.

समजा पाथरीतल्या मुलांनी गावाचा विकी केला. विहिरी, बारव, जुने वाडे, देवळं, दर्गे, जुने फोटो. प्रत्येक विहिरीच्या पानावर खोली, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, मालक कोण. मालकाचं वेगळं पान, त्यात फोन नंबर. ठरवलं की मालकांची पानं फक्त आपल्या टीमला दिसावीत.

मीडियाविकीत संपूर्ण विकी वाचायला बंद ठेवता येतो. पण काही पानं उघडी आणि काही लपलेली, हे त्याचं काम नाही. ते बनवणारेच आपल्या माहितीपुस्तिकेत तसा इशारा देतात. तशा जोडण्या मिळतात, पण फटी राहतात. लपवलेलं पान दुसऱ्या पानात साच्यासारखं ओढलं की मजकूर बाहेर. अलीकडील बदलांच्या यादीत नाव दिसतं. शोधात तुकडा दिसतो.

आणि सिमँटिक जोड असेल तर फट आणखी मोठी. कारण माहिती पानातून निघून वेगळ्या तक्त्यात गेलेली असते. कोणी प्रश्न टाकला, 'सगळ्या विहिरी, त्यांचे मालक, त्यांचे नंबर', तर यादी तयार. पानाला कुलूप होतं, पण उत्तर तक्त्यातून आलं. आपण मघाशी बघितलेलंच पुन्हा: दार बंद, टाकी उघडी.

पानागणिक हक्क हवेच असतील तर त्यासाठी बनलेली सॉफ्टवेअर आहेत. डोकुविकीत विभागवार आणि पानवार हक्कांची यादी आहे. एक्सविकीत पानागणिक हक्कही आहेत आणि रकान्यांचे साचेही. पण त्याहून सोपा नियम सांगतो. ज्याचा नंबर बाहेर गेला तर त्याला त्रास होईल, तो नंबर विकीवर चढवूच नका. वहीत ठेवा.

मग तुम्ही काय करायचं?

तीन कामं, फोनवरून होण्यासारखी.

एक. तुमच्या गावाचं पान मराठी विकिपीडियावर उघडा, आणि वरचं 'इतिहास' दाबा. शेवटचा बदल कोणी, कधी केला, हे नुसतं वाचा. सवय लागू द्या.

दोन. चौकटीतली एखादी गोष्ट चुकीची दिसली तर आधी बघा ती कुठून येतेय, लेखातून की विकिडेटातून. चूक जिथं आहे तिथंच दुरुस्त करायची.

तीन. वादाची गोष्ट असेल तर रकान्यावर तुटून पडू नका. चर्चा पानावर जा. पान लॉक असलं तरी चर्चा पान बहुतेक वेळा उघडं असतं. तिथं पुस्तकाचं नाव, वर्ष, पान नंबर द्या. पाथरीच्या मुलांनो, तुम्हाला खास सांगतो. 'आमच्या गावात सगळ्यांना माहितीय' हा संदर्भ होत नाही. पण तुमच्याकडच्या जुन्या छापील पुस्तकात, स्मरणिकेत, गॅझेटियरमध्ये काही असेल, तर ते नाव-पानासकट सांगणं हे दहा वेळा संपादन करण्यापेक्षा मोठं काम आहे. आणि समोरचा 'अज्ञात' म्हणत असेल तर तीही नोंद आहे, तीही राहू द्या.

श्रद्धा कोणाची कुठे आहे, हे विकी ठरवू शकत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. कोण काय म्हणतं आणि कशाच्या आधारावर म्हणतं, एवढं त्यानं नीट मांडलं तरी खूप झालं.

तुमच्या गावाबद्दलची अशी कुठली गोष्ट आहे, जी दोन गावं दोन तऱ्हेनं सांगतात? ऐकायला आवडेल, जरूर कळवा. तोवर काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.